सेकंडहँड नेक्सॉन ईव्ही: जुनी घ्यावी की नवी?

वापरलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही शोधायला निघालेल्या माणसासमोर टाटा नेक्सॉन ईव्ही येतेच. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी ही गाडी जानेवारी २०२० मध्ये आली आणि तेव्हापासून तिची अनेक रूपे निघाली. मे २०२२ मध्ये ‘मॅक्स’, त्याच जुलैत ‘प्राइम’, सप्टेंबर २०२३ मध्ये नवा चेहरामोहरा आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी मोठी बॅटरी. विक्रेता साल सांगतो, रंग सांगतो, ‘नवीन मॉडेल आहे’ असेही सांगतो. बॅटरी किती युनिटांची, हे मात्र बहुतेकदा आपल्यालाच विचारावे लागते, आणि किमतीचा निम्मा निवाडा तिथेच होतो.

बॅटऱ्या मुळात तीनच आकारांच्या. २०२० ची गाडी आणि प्राइम यांत ३०.२ युनिट (म्हणजे किलोवॉट-तास), मॅक्समध्ये ४०.५ आणि २०२४ च्या गाडीत ४५. सप्टेंबर २०२३ ला चेहरा बदलला तेव्हा बॅटरी बदलली नाही. तेव्हाच्या दोन प्रकारांपैकी ‘एमआर’ला (मीडियम रेंज) ३० युनिटांची, तर ‘एलआर’ला (लाँग रेंज) मॅक्सचीच ४०.५ ची बॅटरी मिळाली. त्यामुळे २०२३ ची एमआर दिसायला नवी असली तरी २०२२ च्या मॅक्सपेक्षा पल्ल्याला बरीच तोकडी आहे. ‘नवे ते जास्त चालणारे’ हा समज इथे सरळ चुकतो.

पल्ल्याचे छापील आकडे बाजूला ठेवावेत. पहिल्या गाडीसाठी ३१२ किलोमीटर, मॅक्ससाठी ४३७, एलआरसाठी ४६५ आणि ४५ युनिटांच्या गाडीसाठी ४८९ असे दावे होते. हे आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्राचे. ४५ युनिटांच्या गाडीसाठी कंपनीने स्वतःच प्रत्यक्ष पल्ला ३५० ते ३७० सांगितला, हे प्रामाणिकपणाचे पाऊल होते. मी हिशेबाला युनिटमागे सात किलोमीटर धरतो. त्याने ३०.२ चे सुमारे २१०, ४०.५ चे २८० आणि ४५ चे ३१५ होतात. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने, एसी लावून गेलात तर यातूनही कमी करावे लागते.

मुंबईहून पुण्याला येताना घाटाचा वेगळा हिशेब असतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरहून जास्त चढायचे. माणसे-सामान धरून सतराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिटांहून जास्त ऊर्जा लागते, आणि मोटरमधली गळती धरली तर तीन युनिटांच्या आसपास. लहान बॅटरीचा हा दहावा हिस्सा झाला. उतरताना त्यातले काही परत मिळते, चढताना मात्र ते आधी जवळ असावे लागते. दीडशे किलोमीटरचा हा प्रवास ३०.२ ची निरोगी बॅटरी करते, पण तिची क्षमता सहा वर्षांत घटली असेल तर पोहोचल्यावर हाताशी फार काही उरत नाही. ज्यांना हा रस्ता महिन्यातून अनेकदा धरावा लागतो, त्यांनी लहान बॅटरी घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त मिळो.

आता बॅटरीच्या वयाकडे वळू. या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे सेल आहेत. योग्य वापरात ते दोन हजार किंवा त्याहून जास्त पूर्ण चक्रे सहज काढतात. हमी आहे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते. एका चक्रात दोनशे किलोमीटर धरले तरी एवढे अंतर म्हणजे आठशेच चक्रे. याचा अर्थ ओडोमीटरवरच्या मोठ्या आकड्याची भीती पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्या सवयीतून आलेली आहे. या सेलना खरा त्रास होतो तो उन्हाचा आणि पूर्ण भरून पडून राहण्याचा. बॅटरीला द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा आहे, पण गाडी बंद असताना ती सहसा चालत नाही. नागपुरात सलग उन्हाळे उघड्यावर, शंभर टक्के भरून उभी राहिलेली वीस हजार किलोमीटरची गाडी आणि पुण्यात तळघरातल्या पार्किंगमध्ये राहून साठ हजार चाललेली गाडी यांत मी बेलाशक दुसरी निवडेन.

किंमत तोलायला एक साधे माप वापरता येते. बॅटरीची युनिटे गुणिले हमीची उरलेली वर्षे. त्याला युनिट-वर्षे म्हणू. खरेदी २०२६ च्या मध्यात होते आहे असे धरा. २०२० च्या अखेरीस नोंदलेल्या गाडीची अडीच वर्षे उरली, म्हणजे सुमारे ७५ युनिट-वर्षे. २०२२ अखेरची मॅक्स १८२. २०२३ अखेरची एलआर २२३. २०२३ अखेरची एमआर १६५. मागितलेल्या किमतीला या आकड्याने भागले की कोणता सौदा महाग, ते उघड होते. पहिल्या गाडीवरून मॅक्सवर जाताना माप जवळजवळ अडीचपट होते, तर मॅक्सवरून एलआरवर जाताना जेमतेम बावीस टक्के वाढते. म्हणून केवळ बॅटरीसाठी पैसे मोजणाऱ्याला मॅक्स हा या घराण्यातला सर्वांत शहाणा सौदा ठरतो. रोजची धाव जास्त असेल तर वर्षांऐवजी किलोमीटरांची मर्यादा आधी गाठली जाते. चार वर्षांत नव्वद हजार चाललेल्या गाडीचे सत्तर हजारच हमीत उरतात, आणि वर्षाला वीस हजार धावणाऱ्याला ते साडेतीन वर्षे पुरतात. मापात तीच साडेतीन धरावीत.

हे माप सुरक्षिततेबद्दल काहीच बोलत नाही, आणि तिथे नवी गाडी स्पष्टपणे पुढे आहे. पहिल्या गाडीत दोन एअरबॅग, मागे ड्रम ब्रेक, आणि गाडी घसरू लागताच सावरणारी ईएसपी नाही. मॅक्समध्ये ईएसपी आणि चारही चाकांना डिस्क आल्या, एअरबॅग दोनच राहिल्या. २०२३ पासून सहा एअरबॅग आणि ईएसपी सर्व गाड्यांत आहेत, आणि जून २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत या गाडीला पाच तारे मिळाले. मागच्या सीटवर मुले नेणाऱ्या कुटुंबाला मी एलआरच सुचवेन. पावसाळ्यात वरंधा किंवा आंबोली घाट चढणाऱ्यानेही ईएसपी असलेलीच गाडी घ्यावी, कारण इलेक्ट्रिक मोटरचा सगळा जोर पाय दाबताच पुढच्या चाकांवर येतो. नव्या गाडीतून घरातली उपकरणे चालवण्याइतकी वीजही बाहेर काढता येते. वादळात दोन दिवस वीज जाणाऱ्या कोकणातल्या घराला ती सोय खरी उपयोगाची.

मग २०२० ची गाडी कोणी घ्यावी? शहरात रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याने, घरी पंधरा अँपिअरचा प्लग असलेल्याने, आणि दोन-तीन वर्षांपुरतीच गरज असलेल्याने. घेताना प्राइमचे सॉफ्टवेअर भरले आहे का ते पाहावे. जुन्या मालकांना ते जुलै २०२२ पासून मोफत मिळत होते, आणि त्यात ब्रेकमधून वीज परत घेण्याचे कमी-जास्त टप्पे आले. मॅक्स घेताना सोबतचा चार्जर ३.३ किलोवॉटचा की ७.२ चा, हे विचारावे. ३.३ ने ४०.५ युनिटे भरायला रात्र अपुरी पडते.

४५ युनिटांची गाडी जलद चार्जरवर चाळीस मिनिटांत दहावरून ऐंशी टक्क्यांवर जाते. मॅक्सला शून्यावरून ऐंशीला ५६ मिनिटे लागत. लांबच्या प्रवासात हा फरक जाणवतो. पण ४५ युनिटांच्या बॅटरीची गाजलेली आजीवन हमी पहिल्या मालकासाठी आहे. विक्रेत्याने तो शब्द वापरला तर दुसऱ्या मालकाला नेमके काय मिळते, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे.

शेवटी हाती येणारी गाडी एकच असते, म्हणून तिचीच परीक्षा घ्यावी. या जातीच्या सेलचा विद्युतदाब बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी पूर्ण चार्ज झाल्याशिवाय नीट जुळत नाही. मालकाला सांगून आधी एकदा हळू चार्जरने शंभर टक्के भरून घ्यावी. मग वीस टक्क्यांपर्यंत चालवावी आणि विजेचे मीटर पाहून पुन्हा भरावी. ३०.२ च्या बॅटरीचे ऐंशी टक्के म्हणजे सुमारे २४ युनिटे. चार्जरची गळती धरून मीटरवर सव्वीस-सत्तावीस दिसायला हवीत. बावीसच दिसली तर क्षमता जवळपास सहाव्या हिश्शाने गेली आहे, आणि किंमत त्याच हिशेबाने बोलावी. चालवताना टक्केवारी एकदम पाच-सात अंकांनी घसरली तर सेलमध्ये असमतोल असू शकतो. अशा वेळी सर्व्हिस सेंटरचा बॅटरी अहवाल हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये.