एका पाण्याचे दोन वारसे : पामुक्काले आणि हिएरापोलिसची एक दिवसाची सहल

नैऋत्य तुर्कीतील डेनिझली शहराजवळच्या मैदानातून उत्तरेकडे पाहिले, की डोंगराचा एक कडा बर्फाने झाकल्यासारखा शुभ्र दिसतो. हा बर्फ नव्हे. उन्हाळ्याच्या ऐन भरातही तो वितळत नाही. डोंगराच्या पोटातून निघणाऱ्या गरम पाण्याने हजारो वर्षे थरावर थर चढवून उभारलेला हा चुन्याचा कडा आहे. त्याची उंची सुमारे २०० मीटर. तुर्की भाषेत त्याला ‘पामुक्काले’, म्हणजे ‘कापसाचा किल्ला’ म्हणतात. कड्याच्या माथ्यावर हिएरापोलिस या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. या दोहोंना १९८८ मध्ये युनेस्कोने एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही नैसर्गिक आणि सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर. असा दुहेरी मान जगात फार थोड्या स्थळांना मिळाला आहे.

तरीही येथे येणारे बहुसंख्य पर्यटक पांढऱ्या कुंडांत पाय बुडवून, छायाचित्रे काढून परततात. माथ्यावर थोडे चालले की ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतील एक महत्त्वाचे तीर्थक्षेत्र लागते, आणि खाली मैदानात, दहा-बारा किलोमीटरवर, बायबलमध्ये उल्लेखिलेले लाओदिकेया नगर आहे. मोठ्या बसच्या सहलींना या दोन्हींसाठी सहसा वेळ उरत नाही. स्वतंत्र गाडी ठरवून एक पूर्ण दिवस राखून ठेवला, तर ही तिन्ही ठिकाणे निवांत पाहता येतात. त्यांना जोडणारा धागा एकच आहे : पाणी.

पाण्यातून दगड

वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे किंवा राजापूरची उन्हाळी ज्यांनी पाहिली आहेत, त्या मराठी वाचकांना गरम पाण्याच्या झऱ्यांचे नवल नाही. पामुक्कालेचे वेगळेपण असे, की येथील पाणी वाहता वाहता दगड बनते. जमिनीखाली हे पाणी चुनखडीच्या खडकांतून जाते आणि कर्बवायूच्या साहाय्याने भरपूर चुना विरघळवून घेते. सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानाला ते बाहेर पडले, की कर्बवायू हवेत उडून जातो आणि विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तळाशी बसू लागतो. आरंभी हा साका खिरीसारखा मऊ असतो. पुढे तो सुकून घट्ट होतो. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, त्याचेच हे विराट रूप होय. पाणी काठावरून पातळ धारेने सांडते तेथे चुना अधिक साचतो आणि काठ उंच होत जातो. त्यातून अर्धवर्तुळाकार कुंडांच्या पायऱ्या तयार होतात. या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात.

हा चमत्कार प्राचीनांनाही ठाऊक होता. भूगोलकार स्ट्राबोने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवले आहे, की येथील लोक चरांतून पाणी खेळवून एकसंध दगडाची कुंपणे तयार करून घेतात. लोकर रंगवण्यास हे पाणी उत्तम असल्याचेही तो सांगतो. रंगारी आणि विणकरांच्या संघांची समृद्धी येथील शिलालेखांत दिसते, ती याच पाण्याच्या बळावर.

सकाळ : कोमट पाण्याचे नगर

दिवसाचा आरंभ लाओदिकेयापासून करणे सोयीचे. येथे सावली जवळजवळ नाही. त्यामुळे सकाळची वेळ उत्तम. मराठी बायबलमध्ये हे नगर ‘लावदिकीया’ या नावाने येते. नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात आशियातील ज्या सात मंडळ्यांना संदेश आहेत, त्यांतील सातवी आणि सर्वांत कठोर शब्दांत कानउघाडणी झालेली मंडळी ती हीच. तुम्ही उष्णही नाही आणि थंडही नाही, कोमट आहात, असा तिच्यावर ठपका आहे.

हे रूपक स्थानिक पाण्यावरून सुचले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. हिएरापोलिसचे पाणी गरम आणि औषधी. पूर्वेकडे होनाझ पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कलस्सैचे पाणी थंडगार. लाओदिकेयाला मात्र स्वतःचे पुरेसे पाणी नव्हते. ते दुरून दगडी नळांच्या जोडीतून आणावे लागे. या अन्वयार्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु नळांचे तुकडे आजही जागेवर आहेत आणि चुन्याच्या जाड थरांनी त्यांची तोंडे कशी आवळत गेली, हे डोळ्यांनी पाहता येते.

येथे सापडलेल्या इ.स. ११४ च्या संगमरवरी शिलालेखात नगराचा पाणीकायदा कोरलेला आहे. सार्वजनिक पाणी परस्पर वळवणाऱ्यास किंवा नळांची नासधूस करणाऱ्यास पाच हजार ते साडेबारा हजार दिनारांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पाणीचोरीचा प्रश्न किती जुना आहे, याची ती साक्ष होय.

नगर श्रीमंत होते. इ.स. ६० च्या भूकंपात ते कोसळले, तेव्हा रोमची मदत न घेता ते स्वतःच्या बळावर उभे राहिले, असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. येथे २०१० मध्ये जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारच्या साहाय्याने चौथ्या शतकातील एक भव्य चर्च सापडले. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाल्यानंतर लवकरच, ते बांधले गेले. संरक्षक छपराखालून जाणाऱ्या मार्गावरून त्याच्या जमिनीवरील रंगीत दगडांची नक्षी आणि बाप्तिस्म्याचे कुंड पाहता येते. यासाठी दोन तास राखून ठेवावेत.

दुपार : उत्तर दरवाजातून हिएरापोलिस

पामुक्काले-हिएरापोलिसला तीन प्रवेशद्वारे आहेत. उत्तरेचे व दक्षिणेचे माथ्यावर, तर तिसरे खालच्या गावातून. स्वतंत्र गाडीचा खरा लाभ येथे होतो. चालकाने उत्तर दरवाजाशी सोडावे आणि खालच्या दरवाजाशी थांबावे. म्हणजे संपूर्ण नगर ओलांडून, पांढरा कडा उतरून बाहेर पडता येते आणि आल्या वाटेने परतावे लागत नाही.

उत्तरेकडून प्रथम लागते ती स्मशानभूमी. हजाराहून अधिक थडग्यांचा हा विस्तार अनातोलियातील सर्वांत मोठ्या प्राचीन दफनभूमींपैकी एक आहे. आरोग्याच्या आशेने झऱ्यांवर आलेले कित्येक रुग्ण येथेच विसावले, असे मानले जाते. तिसऱ्या शतकातील मार्कस ऑरेलियस अम्मियानोस याच्या दगडी शवपेटीवर पाणचक्कीच्या बळाने दगड कापणारी करवत कोरलेली आहे. चाकाची फिरती गती मागे-पुढे हलणाऱ्या गतीत बदलणाऱ्या यंत्राचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्रण होय.

पुढे तीन कमानींची वेस आहे. आशिया प्रांताचा रोमन अधिकारी फ्रंटिनस याने ती पहिल्या शतकाच्या अखेरीस उभारली. हाच फ्रंटिनस पुढे रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि तेथील जलवाहिन्यांवर त्याने लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. गुलामगिरीतून वर येऊन स्टोइक तत्त्वज्ञ म्हणून मान्यता पावलेला एपिक्टेटस याच नगरात जन्मला.

फिलिपची टेकडी

नगराच्या पूर्वेकडील चढणीवर येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक, संत फिलिप यांचे स्थान आहे. त्यांनी आपल्या मुलींसह येथे वास्तव्य केले आणि येथेच त्यांना हौतात्म्य आले, अशी परंपरा आहे. त्यांचे दफन हिएरापोलिस येथे झाल्याचा उल्लेख दुसऱ्या शतकातील पत्रातही आढळतो. प्रेषित फिलिप आणि ‘प्रेषितांची कृत्ये’मधील सुवार्तिक फिलिप यांच्याविषयीच्या आठवणी मात्र प्राचीन लेखकांनी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. दुसऱ्या शतकाच्या आरंभी येथे बिशप असलेले पापियस यांनी येशूविषयीच्या मौखिक साक्षी गोळा केल्या होत्या.

पाचव्या शतकाच्या सुमारास टेकडीवर अष्टकोनी स्मारक उभारले गेले. यात्रेकरू आधी पायथ्याशी स्नान करीत आणि मग रुंद पायऱ्या चढत. मंदिरापूर्वी कुंडावर हातपाय धुणाऱ्या आपल्याकडील भाविकांना हा क्रम परका वाटणार नाही. थडगे या स्मारकातच असावे, असा दीर्घकाळ समज होता. इटालियन पुरातत्त्वज्ञ फ्रान्चेस्को द’आन्द्रिया यांच्या पथकाला २०११ मध्ये जवळच, सुमारे ४० मीटरवर, आणखी एक चर्च आणि त्यात पहिल्या शतकातील रोमन थडगे सापडले. तेच फिलिप यांचे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील रिचमंड येथील संग्रहालयात सहाव्या शतकातील एक कांस्य शिक्का आहे. त्यावर संत फिलिप दोन वास्तूंच्या मधोमध उभे दिसतात. या दोन वास्तू म्हणजे अष्टकोनी स्मारक आणि हे चर्च, असे संशोधक सांगतात.

या टेकडीशी महाराष्ट्राचा एक दूरचा धागाही जुळतो. ‘फिलिपची कृत्ये’ या प्राचीन ग्रंथातील कथेनुसार संत बार्थोलोम्यू हेही फिलिप यांच्यासह येथे होते आणि ते बचावले. हेच बार्थोलोम्यू पुढे भारतात, कोकणपट्टीतील कल्याण परिसरात आले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ठोस पुरावा नसला, तरी ही परंपरा चर्चेत आहे.

मृत्यूचे द्वार

टेकडी उतरून अपोलोच्या मंदिराजवळ आले, की प्राचीन जगात प्रसिद्ध असलेले ‘प्लुटोनियन’ लागते. येथील गुहेतून पाताळात जाता येते, अशी समजूत होती. आत नेलेले बैल मरून पडत, पुजारी मात्र जिवंत परतत. स्ट्राबोने स्वतः चिमण्या सोडून पाहिल्या. त्या तत्काळ मेल्या. २०१३ मध्ये द’आन्द्रिया यांनी या जागेचा शोध जाहीर केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय मोजणीने कोडेही उलगडले. भूकवचाच्या भेगेतून येथे आजही कर्बवायू निघतो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. खाली मान असलेला प्राणी त्यात गुदमरतो. उभ्या माणसाचे नाक त्याच्या वर राहते. कठडे ओलांडून आत जाण्याचे धाडस कोणीही करू नये.

ज्या भेगेतून हा वायू येतो, तिनेच गरम पाणी दिले, कडा घडवला, नगराला वैभव दिले; आणि भूकंपांनी ते नगर पुनःपुन्हा पाडलेही.

वाटून घेतलेले पाणी

सायंकाळी अनवाणी कडा उतरताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते : बरीच कुंडे कोरडी असतात. पाणी आटले, अशी तक्रार अनेक पर्यटक करतात. वस्तुस्थिती निराळी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माथ्यावर, थेट अवशेषांवर, हॉटेले बांधली गेली. त्यांनी झऱ्यांचे पाणी आपल्या तलावांकडे वळवले. सांडपाणी कड्यावर सोडले गेले. वाहनांसाठी कड्यातूनच रस्ता काढण्यात आला. शुभ्र कडा करडा पडू लागला. जागतिक वारसा दर्जानंतर, १९९० च्या दशकात, ही हॉटेले पाडण्यात आली. रस्त्याच्या जागी कृत्रिम कुंडे करण्यात आली. पर्यटक आज चालतात तो मार्ग हाच.

आता पाणी पाळीपाळीने सोडले जाते. एका भागात ते वाहत असताना दुसरा भाग उन्हात वाळू दिला जातो. सतत ओले राहिल्यास शेवाळ धरते, आणि मऊ साका वाळल्याखेरीज दगड होत नाही. चपला-बूट काढण्याची सक्तीही त्यासाठीच. कोरडे कुंड हे उपेक्षेचे लक्षण नसून उपचाराचा भाग आहे. लाओदिकेयाने जे दगडावर कायदा कोरून साधण्याचा प्रयत्न केला, तेच येथे वेळापत्रकाने साधले जात आहे.

सहलीला निघताना

मार्ग : इस्तंबूलहून डेनिझलीच्या चारदाक विमानतळापर्यंत विमानाने सुमारे सव्वा तास, तेथून पामुक्काले रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. इझमीरहून मोटारीने सुमारे साडेतीन तास, अंतल्याहून सुमारे चार तास.

ऋतू : एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या दगडावरून परावर्तित होणारे ऊन असह्य होते.

वेळापत्रक : सकाळी लाओदिकेया, दुपारी उत्तर दरवाजातून हिएरापोलिस, सूर्यास्ताच्या सुमारास कड्यावर. संग्रहालय प्राचीन स्नानगृहातच आहे. ते बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.

सोबत : काळा चष्मा, टोपी, पिण्याचे पाणी, पंचा आणि काढलेले बूट ठेवण्यासाठी पाठीवरची पिशवी. ओला दगड काही ठिकाणी खरखरीत, तर काही ठिकाणी निसरडा असतो. ज्येष्ठांनी कडा न उतरता दक्षिण दरवाजाने परतावे.

गाडी ठरवताना : इंधन, वाहनतळाचे शुल्क, प्रवेशिका आणि मार्गदर्शकाचे मानधन यांपैकी काय समाविष्ट आहे, हे लेखी घ्यावे. लाओदिकेयाची प्रवेशिका वेगळी असते. ‘खरेदीसाठी थांबा’ नको असल्यास आधीच सांगावे.

व्हिसा : भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा आवश्यक आहे. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षानंतर अनेक भारतीय सहल कंपन्यांनी तुर्कीची नोंदणी थांबवली होती. त्यामुळे निघण्यापूर्वी ताज्या सूचना पाहून घ्याव्यात.