रॉयक्सॉप : नावातील स्वर आणि मूळचे गाव

रॉयक्सॉप ही नॉर्वेजियन जोडी प्रसिद्धीस आली ती २००१ साली, ‘मेलडी ए. एम.’ या तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकासंचामुळे. त्या सुमारास नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेर्गेन शहरातून एकामागून एक संगीतकार पुढे येत होते, आणि वृत्तपत्रांनी त्या सर्वांना मिळून ‘बेर्गेनची लाट’ असे नाव दिले होते. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत रचणारे स्वाइन बेर्गे आणि तोर्ब्यर्न ब्रुन्टलान हेही त्या लाटेत जमा झाले. सोयीचे नाव एकदा रूढ झाले म्हणजे त्याखाली काय झाकले गेले याची चौकशी सहसा होत नाही. येथे झाकले गेले ते ट्रोम्सो.

ट्रोम्सो हे लहानसे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या बरेच पलीकडे, सुमारे ६९° ४०′ अक्षांशावर, एका बेटावर वसलेले आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही. या जोडीच्या संगीतातील गारवा आणि संथपणा यांचा उगम त्या अंधारात शोधण्याचा मोह अनेकांस होतो. प्रस्तुत लेखकास हा तर्क पटत नाही. अंधार उत्तरेकडील सर्वच गावांवर सारखा पडतो. ट्रोम्सोपाशी अंधाराखेरीज आणखी काही होते. १९८० नंतरच्या दशकात तेथील ‘बेल कांतो’ या वाद्यवृंदाने ब्रुसेल्समधील क्रॅम्ड डिस्क्स या संस्थेशी संबंध जोडला, आणि १९८७ साली त्याचा पहिला संच निघाला. त्या वृंदातून पुढे बाहेर पडलेले गाइर येन्सन यांनी ‘बायोस्फियर’ हे नाव घेऊन १९९१ साली ‘मायक्रोग्रॅव्हिटी’ प्रसिद्ध केले. तेव्हा बेर्गे आणि ब्रुन्टलान ही पंधरा-सोळा वर्षांची मुले होती. राजधानी ऑस्लोचा उंबरा न ओलांडताही आपले संगीत युरोपात पोहोचते, हे त्यांना आपल्याच गावात पाहावयास मिळाले. लवकरच तीही ‘ईडेना सायकल’ नावाच्या मंडळात शिरली, आणि १९९४ साली त्या मंडळाची ध्वनिमुद्रिका बेल्जियममध्येच निघाली.

यानंतर दोघांची फारकत झाली. ते पुन्हा एकत्र आले १९९८ मध्ये, बेर्गेन येथे. तेथील ‘टेले’ या छोट्या संस्थेने त्यांची पहिली मुद्रिका काढली आणि पुढे लंडनच्या ‘वॉल ऑफ साउंड’ने त्यांना जगापुढे आणले. बेर्गेनचे हे ऋण खरे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र तेथे जे एकत्र आले ते शिकाऊ नव्हते.

भाषेच्या अभ्यासकास या जोडीचे नाव विशेष विचार करण्याजोगे वाटेल. नॉर्वेजियन भाषेत ‘रॉयक’ म्हणजे धूर आणि ‘सॉप’ म्हणजे अळंबी. पाय पडताच फुटून धुरासारखी भुकटी उडविणारी जी गोल अळंबी असते, तिचे हे साधे नाव होय. परंतु ते लिहिताना या दोघांनी नॉर्वेजियन लिपीतील, तिरकी रेघ मारलेला ‘ओ’ न वापरता स्वीडिश आणि जर्मन लिपीतील, दोन टिंबांचा ‘ओ’ घेतला. परक्या वाचकास त्यामुळे ते नाव स्वीडिश भासावे. तथापि स्वीडिशमध्ये याच शब्दाचा स्वर एकेरी, ‘र्‍यॉक’सारखा आहे. नॉर्वेजियनमध्ये तेथे संयुक्त स्वर आहे, आणि तो या लेखनातही जसाच्या तसा राहिला. अक्षर बदलले, उच्चार बदलला नाही.

गीतांची भाषा मात्र इंग्रजी, आणि गळाही पुष्कळदा दुसऱ्याचा. ‘रिमाइंड मी’ हे गीत बेर्गेनच्या एर्लेन ऑये यांनी गायिले. त्याच्या चित्रफितीस २००२ साली एमटीव्हीचा युरोपीय पुरस्कार मिळाला. २००५ च्या ‘द अंडरस्टँडिंग’ या संचात स्वीडनच्या कारिन द्रेयर आहेत. पहिल्या संचातील ‘स्पार्क्स’ मात्र अन्नेली द्रेकर यांनी गायिले आहे, आणि त्या ‘बेल कांतो’च्याच गायिका होत. ‘बेर्गेनची लाट’ म्हणताना हा आवाज कोठे जमा करावयाचा? गीतांच्या शीर्षकांपैकी ‘एप्ले’ हे नॉर्वेजियन राहिले. त्याचा अर्थ सफरचंद. ॲपल कंपनीने २००३ साली आपल्या संगणकप्रणालीच्या स्वागतफितीसाठी नेमकी तीच रचना निवडली, हा योग गमतीचा खरा.

‘ज्युनिअर’ (२००९) मध्ये द्रेकर पुन्हा आढळतात. त्याच्या पाठोपाठ आलेला ‘सीनिअर’ (२०१०) हा केवळ वाद्यसंगीताचा संच असून तो अकारण उपेक्षित राहिला, असे आमचे मत आहे. २०१४ मध्ये ‘द इनेव्हिटेबल एंड’ प्रसिद्ध करताना रूढ स्वरूपातील हा आपला शेवटचा संच, असे त्यांनी जाहीर केले. मग २०२२ साली ‘प्रोफाउंड मिस्टरीज’ आले, तेव्हा हा वचनभंग म्हणावा काय? ‘रूढ स्वरूपातील’ हे विशेषण वगळून वाचल्यास तसे वाटेल. ही नवी रचना एका संचात नव्हे, तर एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा तीन महिन्यांत तीन भागांनी बाहेर पडली.