आमटीत गूळ घालायचा की नाही

नवऱ्याला आमटीत गूळ चालत नाही आणि बायकोला गुळाशिवाय ती आमटी वाटतच नाही, हा वाद मराठी घरांत इतका सवयीचा झाला आहे की तो लग्नसंस्थेइतकाच जुना असणार, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की हा वाद फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. त्याआधी स्वयंपाकघरात कुरबुरी नव्हत्या असं कोण म्हणेल? भाजी अळणी झाली म्हणून सुनेला बोलणी बसत, ताट भिरकावणारे पुरुषही होते. पण नवरा आणि बायको अशा दोन माणसांच्या दोन आवडी समोरासमोर याव्यात, आणि दोन्हींना बोलायचा हक्क असावा, अशी जागाच त्या घरात नव्हती. चव घराची असे. ती सासूच्या हाती असे आणि सून ती शिकत असे. ही व्यवस्था कशामुळे टिकली आणि कशामुळे मोडली हे पाहिलं, तर मराठी लग्नाचा इतिहास ताटाच्या बाजूनं वाचता येतो.

पहिलं कारण वयाचं. आनंदीबाई जोशी यांचं लग्न १८७४ मध्ये झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी पुण्याच्या घरात आल्या आणि लक्ष्मीबाई टिळकांचं लग्नही १८८० च्या सुमारास, तशाच वयात झालं. ही सुधारकांच्या आणि लिहित्या घरांतली उदाहरणं आहेत. इतर घरांत वय याहून जास्त असण्याचं काही कारण नव्हतं. नऊ-अकरा वर्षांच्या मुलीला खाण्याच्या आवडीनिवडी असतात, पण स्वयंपाकातला तिचा हात अजून बसलेला नसतो. मीठ किती, तिखट किती, फोडणी कधी खाली उतरवायची, हे ती जिथे शिकेल तिथलंच तिचं होतं. यावर कोणी म्हणेल की न्हाण येईपर्यंत मुली बहुधा माहेरीच राहत, मग सासरची चव अंगात मुरणार कधी? आक्षेप योग्य आहे, पण तो फार लांब जात नाही. न्हाण बारा-चौदाव्या वर्षी येई. त्याआधीही सणावाराला ने-आण चालेच, आणि चुलीची जबाबदारी अंगावर पडे ती नंतरच्या वर्षांत, सासूच्या नजरेखाली. माहेरी पाहिलेलं आणि सासरी हातानं केलेलं यांत दुसरंच टिकतं.

दुसरं कारण जेवायच्या पद्धतीत होतं, आणि मला ते वयाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पुरुषांची आणि मुलांची पंगत आधी, बायकांची नंतर. अनेक ब्राह्मण घरांत सून नवऱ्याच्या उष्ट्या पानावर जेवायला बसे, आणि ते पातिव्रत्याचं लक्षण मानलं जाई. या रिवाजाचा धर्माशी असलेला संबंध क्षणभर बाजूला ठेवून तो नुसता जेवण म्हणून पाहावा. नवऱ्यानं काय टाकलं, काय दोनदा मागून घेतलं, हे त्या पानावर बायकोला रोज दिसत होतं. तिला काय आवडलं हे नवऱ्याला कळण्याची वेळ मात्र कधीच येत नव्हती, कारण ती जेवताना तो तिथे नसे. दोघं एका वेळी समोरासमोर जेवत ती लग्नातल्या जोडीच्या पंगतीत, नाव घेऊन घास भरवण्यापुरती. एकीची आवड दुसऱ्याला ठाऊकच नसेल, तर मतभेद होणार कशावरून?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की लग्नं जातीतच, ओळखीपाळखीतच होत. दोन्ही घरांच्या चवी मुळातच एक होत्या, म्हणून वाद नव्हता, त्यासाठी सासूची सत्ता वगैरे कारणं शोधायची गरज नाही. पण जात एक म्हणजे चव एक, हे मराठी मुलुखात कधीच खरं नव्हतं. पेशवाईत कोकणातली चित्पावन घराणी घाटावर येऊन स्थिरावली आणि त्यांच्या सोयरिकी दोन्हीकडे होत राहिल्या. कोकणातल्या मुलीच्या हाताला ओला नारळ आणि आमसूल. देशावरच्या सासरी सुकं खोबरं, दाण्याचा कूट आणि चिंच. एकाच भरल्या वांग्याचं पाहा. पुण्याकडच्या ब्राह्मणी घरात कूट, तीळ, चिंच-गूळ आणि गोडा मसाला भरतात. कोल्हापूरकडे कांदा, लसूण, सुकं खोबरं आणि वर्षाचा कांदा-लसूण मसाला. कोकणात ओल्या नारळाचं वाटण. खानदेशात वांग्याची ओळख भरल्या भाजीपेक्षा भरताची. ते काटक्यांवर भाजून, हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे घालून त्याचं भरीत होतं. जातीची सीमा यातल्या काही फरकांना लागू पडते, पण सगळ्यांना नाही. त्यावर पुन्हा कुलाचार. ज्येष्ठा गौरींना पहिल्या दिवशी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी हे पुष्कळ घरांत असलं, तरी कोकणातल्या काही घरांत घावन-घाटलं लागतं, आणि काही घरांत गौरींना तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो. गौरी आणायच्या त्या सासरच्या पद्धतीनं, हे गृहीतच असे. म्हणजे फरक होते, ठसठशीत होते. ते मिटवले जात होते आणि दर वेळी एकाच बाजूनं.

मात्र ही बाजू नवऱ्याची होती असं म्हणणं घाईचं होईल, आणि इथे मला प्रचलित स्त्रीवादी मांडणीत थोडी भर घालावीशी वाटते. घराची चव आणि घराचं सोवळं ही नवऱ्याच्याही हातात नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रमाबाईंचे पती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर काही मंडळींनी चहा घेतल्याचं प्रकरण उभं राहिलं, ग्रामण्य, म्हणजे जातीतल्या बहिष्काराचा वाद, झालं, आणि रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. बाहेर कायद्याचा निकाल देणारा माणूस कुठे काय प्यायला, याचा निकाल जात आणि घरातली वडीलधारी माणसं देत होती. रमाबाईंच्या आठवणींत घरातल्या मोठ्या बायकांचा जो धाक दिसतो, तो याच सत्तेचा. याहून बोलकं उदाहरण टिळक दांपत्याचं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही काळ दूर राहिल्या आणि मग त्यांच्याकडे आल्या, त्या आपलं सोवळं, आपलं पाणी आणि आपली चूल सांभाळूनच. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेईपर्यंतचा हा प्रवास ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. नवरा-बायको दोघंही जिवंत, एकमेकांवर जीव असलेली, आणि अन्नाच्या बाबतीत दोन वेगळ्या जगांत. मराठीत नोंदलेला, दोन व्यक्तींमधला असा अन्नभेद मला याआधी इतका स्पष्ट दिसत नाही. तो निर्माण झाला तोच मुळी एकत्र कुटुंब आणि जात यांतून टिळक बाहेर पडल्यावर.

इथवरचा पुरावा पांढरपेशा घरांचा झाला, तेव्हा गिरणगावाकडे वळलं पाहिजे. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा भागांतून माणसं येत गेली. बायका-मुलं बहुतेक गावीच राहत. या पुरुषांना जेवण मिळे खानावळीत, म्हणजे चाळीतल्या एखाद्या बाईच्या घरी, महिन्याच्या पैशावर. कोकणातला गडी शक्यतो कोकणातल्या बाईकडे जेवे, घाटावरचा घाटावरच्या. लग्नाची बायको गावी आणि गावची चव इथे दुसऱ्याच बाईच्या हातची, विकतची, असं वर्षातले बरेच महिने चाले. ‘घरची चव’ बायकोच्या हाताशी बांधलेली असते या समजुतीला यानं मोठा तडा जातो. ती मुलुखाशी बांधलेली होती आणि मोल देऊन मिळत होती. या खानावळवाल्या बायकांच्या कष्टांकडे फार उशिरा लक्ष गेलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा या बायकांना सावकारापासून सोडवणारं कर्ज मिळू लागलं. शेकडो माणसांची चव सांभाळणाऱ्या या बायकांचा उल्लेख मराठी खाद्यसंस्कृतीच्या कौतुकात आजही ओझरताच येतो, याची मला खंत वाटते.

मग जुनी व्यवस्था मोडली कशी? एकाएकी नाही. शिक्षण आणि कायदा या दोन्हींनी मुलींचं लग्नाचं वय वर ढकललं. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलींसाठी चौदा वर्षांची मर्यादा घातली, पुढे ती पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाली. कायदा सर्रास मोडला जाई हे खरं, पण शहरी मध्यमवर्गात वय कायद्याच्याही पुढे गेलं. अठरा-वीस वर्षांची मुलगी सासरी येते ती स्वतःची चव घेऊन येते. तिला आमटी कशी करायची हे आधीच माहीत असतं, आणि ती वेगळी असते. त्याच काळात रेल्वे, कचेऱ्या आणि बदलीच्या नोकऱ्या यांनी बिऱ्हाडं वेगळी केली. दादर-माटुंग्याच्या ब्लॉकमध्ये दोन खोल्या आणि दोन माणसं. पंगत नाही, सासू गावी, आणि पुढे जेवायचं टेबल आलं तेव्हा दोघं एकाच वेळी बसू लागली. माझ्या मते मराठी दांपत्याच्या इतिहासात त्या टेबलाला पुष्कळ मान मिळायला हवा. तिथे पहिल्यांदा बायकोची आवड नवऱ्याच्या डोळ्यांसमोर आली.

छापील पाकपुस्तकांचा इतिहास या बदलाच्या शेजारून जातो. ‘सूपशास्त्र’ हे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं पुस्तक १८७५ चं, म्हणजे लेखक पुरुष. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. एका घराची चव शिकायला हजार पाकक्रिया लागत नाहीत. एवढ्या कृती हव्यात त्या अनेक घरांतून निवड करणाऱ्या गृहिणीला. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. त्याचं मोठं काम म्हणजे वाटी-चमच्याचं माप. ‘अंदाजानं’ या शब्दात सासूची सगळी सत्ता साठलेली होती, कारण अंदाज तिच्याजवळ उभं राहूनच शिकता येई. अर्धी वाटी कूट, एक चमचा गोडा मसाला असं छापून आल्यावर सासूची चव सासूशिवाय करता आली, आणि कोणा तिसऱ्याच्या घरचीही. पाकपुस्तकांनी चवी सपाट केल्या, सगळ्या महाराष्ट्राला पुणेरी वळण लावलं, अशी तक्रार होते. तिच्यात तथ्य आहे. काळं तिखट, येसर, सोडे यांना या पुस्तकांतून फार दिवस मानाची जागा मिळाली नाही. तरीही वेगळ्या बिऱ्हाडात एकटी उभी असलेल्या मुलीला या पुस्तकांनी जो आधार दिला, तो या तक्रारीपेक्षा मला मोठा वाटतो.

जातीबाहेरच्या लग्नांनी प्रश्न अधिक टोकदार केला. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना धर्म नाकारल्याचं जाहीर करावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदूंची त्यातून सुटका केली आणि १९४९ च्या कायद्यानं हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं सरसकट वैध ठरवली. कायद्याला जे एका कलमात जमलं ते स्वयंपाकघराला जमायला वर्षं गेली. मासे खाणाऱ्या घरची मुलगी शाकाहारी घरात आली की तडजोडींची एक ठरलेली उतरंड दिसते: आधी बाहेर खा, घरात नको, मग अंडं चालेल, पण कढई वेगळी, मग मासळी चालेल, पण सोमवार, गुरुवार आणि श्रावण सोडून. यातली बहुतेक तडजोड स्त्रीलाच करावी लागली, आणि शाकाहार हा ‘वरचा’ आहार मानला गेल्यानं माघार कोणी घ्यायची हेही जातच ठरवत राहिली. प्रेमविवाहानंतरही जात कुठे शिल्लक राहते, याचं उत्तर फ्रीजच्या कुठल्या कप्प्यात काय ठेवायला परवानगी आहे यात मिळतं.

शेवटचा आक्षेप असा की या सगळ्याला बदल म्हणायचं कशाला, चुलीपाशी अजून बाईच उभी आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७. हा आकडा मान्य करूनच मी म्हणतो की कष्ट आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि निर्णय कष्टांच्या आधी सरकला. आमटीत गूळ घालायचा की नाही हे आज दोघं मिळून ठरवतात, निदान त्यावर बोलतात; ढवळायचं काम मात्र अजून वाटून घेतलं गेलेलं नाही. परंपरेची चव यात हरवेल ही भीती मला पटत नाही. मिरची, शेंगदाणा आणि बटाटा हे तिन्ही पदार्थ अमेरिका खंडातून, पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच्या काळात इकडे पोचले; त्यांच्याशिवाय आजच्या एकाही ‘पारंपरिक’ मराठी ताटाची कल्पना करता येत नाही. साहित्य नेहमीच बदलत होतं. आता बदलतो आहे तो विचारविनिमय, आणि तोही रोजच्या जेवणात आधी, नैवेद्यात सर्वांत शेवटी: एरवी सगळं दोघांच्या मतानं करणाऱ्या घरांतही गौरी बहुधा अजून सासरच्याच पद्धतीनं जेवतात, आणि मुलीच्या माहेरचं घावन-घाटलं त्या पानावर वाढायचं का, हा प्रश्न आता कुठे विचारला जाऊ लागला आहे.