सायक्लोस्टाइलवरचे कवी

आपला अंक झेरॉक्सवर निघतो म्हणून नाक मुरडणारे काही सभासद मस्कतमध्ये आहेत. त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

1954 साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी मंडळींनी मुंबईत 'शब्द' हे अनियतकालिक काढले, तेही चक्क सायक्लोस्टाइल करून. मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरे उमटवायची, मेण निघालेल्या जागेतून शाई कागदावर उतरते. प्रकाशकाची मर्जी सांभाळायला नको! अमेरिकेतला बंडखोर कवी ॲलन गिन्सबर्ग 1962 मध्ये मुंबईत येऊन गेला, म्हणून हे सारे तिकडचे अनुकरण असे काहीजण म्हणतात. गिन्सबर्गचे 'हाउल' पुस्तकरूपाने आले 1956 मध्ये. सालेच काय ते सांगतात.

कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले कलाकार, पण घरी टेलिफोन नाही. भेटायचे तर गुरुवारी, काळ्या घोड्याजवळच्या 'वेसाइड इन'मध्ये. इंग्रजी 'जेजुरी'ला 1977 मध्ये राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पहिला मराठी संग्रह आला, तो मित्र अशोक शहाणे यांच्या 'प्रास'कडून. पुढच्या मराठी संग्रहासाठी वाचकांना 2003 पर्यंत थांबावे लागले. 2004 मध्ये कोलटकर गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, 2005 चा.

स्वस्त कागदात आम्ल असते. ते सेल्युलोजचे धागे तोडत जाते आणि कागद चुरतो. तेव्हा सुट्टीत घरी गेलात की माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. असा एखादा अंक सापडला तर रद्दीत देऊ नका, इकडे घेऊन या. झेरॉक्स आम्ही काढू.