मूकपटातलं रोम आणि गुलामाची साखळी

दोस्तहो, गेल्या महिन्यात मी आणि माझा बाप, दोघांनी मिळून शंभर वर्षांहून जुना एक इटालियन मूकपट पाहिला. नाव 'काबिरिया'. साल १९१४. बाप मुंबईच्या गोदीत पाठीवर गोण्या वाहून म्हातारा झालेला. पिक्चर मुका, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्या मी वाचून सांगत होतो. इतिहासाची पुस्तकं मी वाचलीत, त्यानं नाहीत. तरी ह्या लेखातला मुख्य मुद्दा त्याचा आहे, हे आधीच कबूल करतो.

पहिल्यांदा काळ समजून घेऊ. इटली एक देश म्हणून उभा राहिला १८६१ साली. नव्या राज्याला जुना मोठेपणा लागतो, आणि तो रोमच्या ढिगाऱ्यात तयार पडलेला होता. १९०८ साली तुरिन शहरातल्या आंब्रोझिओ कंपनीनं 'पाँपेईचे अखेरचे दिवस' काढला. १९१३ साली त्याच कथेवर दोन कंपन्यांनी एकमेकींशी चुरस करत दोन पिक्चर काढले. त्याच वर्षी रोमच्या चिनेस कंपनीचा, एन्रिको ग्वात्सोनीनं केलेला 'क्वो वादिस' जगभर गेला. न्यूयॉर्कात ब्रॉडवेवरच्या ॲस्टर थिएटरात तो महिनोन्‌महिने चालला. आणि पुढच्या साली आला जोव्हानी पास्त्रोनेचा 'काबिरिया'.

ह्याच्या मधोमध एक लढाई आहे. १९११ साली इटलीनं लिबियावर हल्ला केला आणि १९१२ पर्यंत तो मुलूख तुर्कांकडून काढून घेतला. 'काबिरिया'ची कथा रोम आणि कार्थेज यांच्या युद्धाची. कार्थेज म्हणजे उत्तर आफ्रिकाच. पडद्यावरचे कार्थेजवाले मोलोख देवाच्या पेटत्या पोटात लहान पोरं टाकतात आणि रोमन वीर पोरीला वाचवतो. ज्याची जमीन घ्यायची त्याला आधी राक्षस करायचं. हा उद्योग आपल्याला काही नवा नाही.

आता गुलामांकडं बघू. पाँपेईच्या कथेतली निदिया आंधळी गुलाम पोरगी. ज्वालामुखीच्या राखेनं दिवसा काळोख होतो तेव्हा तीच मालकाला वाट दाखवत बाहेर काढते. तो दुसरीचा होतो आणि निदिया समुद्रात जीव देते. 'क्वो वादिस'मधली युनिस मालकावर जीव टाकते, आणि तो मरतो तेव्हा त्याच्यासोबत मरते. 'काबिरिया'त फुल्विओ नावाच्या रोमन उमरावाचा गुलाम आहे माचिस्ते. अंगानं राक्षसासारखा, मनानं कुत्र्यासारखा इमानी. तिन्ही कथांत गुलाम मालकापेक्षा भला आहे, पण त्याचा सगळा भलेपणा मालकाच्याच कामी येतो.

माचिस्ते एकेकाला उचलून भिरकावायला लागला तसा बाप पुढं सरकला. म्हणाला, "ह्यो गडी गोदीतला हाय."

मी विचारलं, कशावरून?

"वजन कमरंवर घेतोय बघ. नाटकातला आसता तर नुस्त्या हातानं उचललं आसतं."

मी गप्पच झालो. कारण माचिस्ते झालेला बार्तोलोमेओ पागानो खरोखर जेनोआ बंदरातला हमाल होता. कंपनीला ताकदवान माणूस पाहिजे होता, तो तिला तिथं सापडला. मी हे पुस्तकात वाचलं होतं. बापानं ते पाठीवरून ओळखलं. पागानो गोरा होता. गुलाम दाखवायचा म्हणून त्याच्या अंगाला काळा रंग फासला. जाहिरातीत मोठं नाव झळकलं ते कवी गाब्रिएले द'आनुंत्सिओचं. त्यानं पाट्या लिहिल्या, पात्रांची नावं ठेवली.

पुढं माचिस्ते पकडला जातो. त्याला जात्याला साखळीनं बांधतात. वर्षं लोटतात, जातं फिरतच राहतं. एक दिवस फुल्विओ त्याला शोधत येतो. मालकाला बघून माचिस्तेला असा हर्ष होतो की त्या भरात तो साखळी तोडतो.

बाप हसला. "इतकी वर्सं तुटंना, आन् मालक दिसला की तुटली व्हय?"

दोस्तहो, ह्या एका प्रश्नात सगळं आलं. साखळी तोडायची ताकद अंगात होती. मग इतकी वर्षं काय नव्हतं? पिक्चर काढणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. गुलामाची ताकद त्यांना हवी असते, पण तिची कळ मालकाच्या हातात. शेवटी मालक आणि काबिरिया जहाजातून प्रेमात बुडून रोमला निघतात, आणि माचिस्ते बसून त्यांच्यासाठी पावा वाजवतो.

पण इथं एक गंमत झाली. लोकांनी उमरावाला डोक्यावर घेतलं नाही, हमालाला घेतलं. मग १९१५ साली कंपनीनं 'माचिस्ते' नावाचाच पिक्चर काढला. त्यात काळा रंग पुसला, अंगावर सूट चढवला. १९१६ साली त्याला पहिल्या महायुद्धातला सैनिक केला. लोकांना आवडलेला गुलाम आता सरकारच्या युद्धाचा प्रचार करू लागला. पब्लिकची नजर बरोबर होती. ती कुठं वळवायची हे कंपनीनं ठरवलं.

बंड करणारा गुलाम पडद्यावर आलाच नाही असं नाही. १९१३ साली 'स्पार्ताको' निघाला, पण त्यातही बंडाच्या खांद्याला खांदा लावून प्रेमकथा. खरा स्पार्टाकस इसवी सनापूर्वी ७३ साली कापुआच्या ग्लॅडिएटर शाळेतून सत्तरएक साथीदारांसह निसटला. हत्यारं काय, तर स्वयंपाकघरातले सुरे आणि सळया. पुढं हजारो गुलाम त्याला मिळाले. इसवी सनापूर्वी ७१ साली बंड चिरडल्यावर क्रासस सेनापतीनं ६,००० कैदी कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेनं क्रुसावर टांगले. त्यांच्या साखळ्या तुटल्या तेव्हा समोर कुणी मालक आला नव्हता.

'क्वो वादिस' न्यूयॉर्कात चालू असतानाच, १९१३ च्या जुलैत, बाबासाहेब त्या शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले. पुढं त्यांनी रोमच्या गुलामीचा अभ्यास मांडला तो बॅरोसारख्या इतिहासकारांच्या आधारानं. रोममधले गुलाम शिक्षक होते, वैद्य होते, लेखनिक होते, हे त्यांनी दाखवलं. ती गुलामी उघड होती, गुलामाला ती कळत होती. अस्पृश्यता मात्र छुपी. वर स्वतंत्र म्हणायचं आणि शिक्षणाचं दार बंद ठेवायचं. हे लिखाण त्यांच्या पश्चात, १९८९ साली, समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आलं. ते वाचून हे मूकपट बघा. शिकलेला, विचार करणारा गुलाम तुम्हाला तिथं क्वचितच दिसेल. त्याचं डोकं काढून घेतलंय, दंड तेवढे ठेवलेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच. ऐतिहासिक पिक्चर बघताना राजाच्या मागं पंखा घेऊन कोण उभा आहे ते बघा. त्याची साखळी कुणाच्या हातानं तुटते ते बघा. आणि एकटे बघू नका. घरात गोदीत, गिरणीत, खाणीत, शेतात राबलेलं म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा. ते काय बोलतं ते वहीत लिहून ठेवा.

पिक्चर संपला तेव्हा मी बापाला विचारलं, कसा वाटला? तो उठून कंबर दाबत म्हणाला, "गडी चांगला व्हता. पन त्येला कुनी युनियनमधी घ्याया पायजे व्हतं."