कलम २१ चे शब्द तेच, मग हक्क वाढले कसे?

राज्यघटनेचा अर्थ न्यायालय कसा लावतं, हा पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे माजी प्राचार्य प्रा. सत्यरंजन साठे यांच्या अभ्यासाचा विषय. ‘ज्युडिशियल अ‍ॅक्टिव्हिझम इन इंडिया’ हे त्यांचं २००२ मधलं पुस्तक त्यावरच आहे.

नेमकं काय बदललं?

कलम २१ नुसार, कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही.

१९५० (ए. के. गोपालन): कायदा केलेला असला की पुरे. तो न्याय्य आहे का, हे न्यायालयाने तपासलं नाही.

१९७८ (मनेका गांधी): कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी.

१९८५ (ओल्गा टेलिस): मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात उपजीविकाही जगण्याच्या हक्कात आली.

साठे काय सांगतात?

आधी शब्दशः अर्थ लावणारं न्यायालय पुढे घटनेची रचना आणि मूल्यं पाहू लागलं. पण न्यायाधीश निवडून येत नाहीत. त्यामुळे त्यांची ताकद लोकांच्या विश्वासावर टिकते. निकाल तत्त्वाला धरून आणि निःपक्षपाती असले, तरच हा विश्वास राहतो.

आपल्याशी काय संबंध?

समजा, हिमायतनगरात कोणाची टपरी नोटीस न देताच हटवली. त्याला कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागता येते. टपरी तिथेच राहील, याची हमी ओल्गा टेलिस निकाल देत नाही. मात्र आपली बाजू मांडण्याची संधी मिळायला हवी, हा मुद्दा त्याच निकालाच्या आधारे मांडता येतो.