तोड्याची बंदूक आणि पडद्यावरची लढाई

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावरील राक्षसभुवन येथे 10 ऑगस्ट 1763 रोजी झालेल्या लढाईत निजाम अलीचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम फौजेच्या मोठ्या भागासह आधीच नदी उतरला होता, आणि मागे राहिलेल्या सैन्यावर 18 वर्षांचे माधवराव पेशवे व त्यांचे चुलते रघुनाथराव तुटून पडले, तेव्हा भरलेल्या पात्रामुळे पलीकडच्या निजामाला आपल्या माणसांच्या मदतीला येता आले नाही.

लढाई श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांतली होती, आणि हाच तपशील त्या काळची शस्त्रे समजून घेताना सर्वांत मोलाचा ठरतो. अठराव्या शतकातील दख्खनी फौजांत प्रामुख्याने तोड्याची बंदूक होती. तोडा म्हणजे शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, सावकाश धुमसणारी सुती दोरी. बंदूकवाला नळीच्या तोंडातून दारू ओतून त्यावर गोळी सोडी, गजाने दोन्ही ठासून बसवी, नळीच्या बाजूच्या कानाजवळ रंजक, म्हणजे बारीक दारू, घाली आणि चाप ओढून पेटता तोडा त्या रंजकीवर टेकवी. सरावलेल्या हातालाही मिनिटाला एक-दोन बारच साधत, पावसात तोडा विझे, रंजक ओली होई, आणि कोरड्या दिवशीही काही बारांनंतर रांगेसमोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राही. बंदूकवाल्यांपेक्षा घोडदळाची चपळाई का निर्णायक ठरे, याचे बरेचसे उत्तर या क्रियेतच आहे.

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील जीवनावर बेतलेल्या वेस्टर्न चित्रपटांनी बंदुकीची जी प्रतिमा जगभर रुजवली, ती या वस्तुस्थितीपासून फार दूर आहे. तिथला नायक सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून मोजता येणार नाहीत इतके बार काढतो, आणि धुराने त्याची नजर कधीच अडत नाही. धूरविरहित दारू मात्र 1880 च्या दशकातच आली. अॅरिझोनातील टूम्बस्टोन येथे 26 ऑक्टोबर 1881 रोजी झालेली प्रसिद्ध चकमक सुमारे 30 सेकंदांत संपली, तिच्यात तितक्याच गोळ्या झडल्या, आणि तीही अगदी जवळून. ‘शोले’ या चित्रपटाने 1975 मध्ये वेस्टर्नचीच शैली भारतीय पडद्यावर लोकप्रिय केली, आणि तिचा वेग आपल्या इतिहासपटांच्या लढायांतही शिरला. तलवारीची लढाई त्या वेगाला सोसते, तोड्याची बंदूक सोसत नाही. ठासण्याचा वेळ वगळला की ती निव्वळ शोभेची वस्तू उरते.

राक्षसभुवनानंतर औरंगाबाद येथे तह होऊन निजामाला 82 लाखांचा मुलूख सोडावा लागला. या लढाईवर उद्या कुणी चित्रपट करणार असेल, तर त्याने नदीचा पूर, ओली रंजक आणि दोन बारांमधला तो दीर्घ, असुरक्षित वेळ पडद्यावर आणावा.